वाडगा, मूठ आणि दोनशे रुपये

गेल्या महिन्यात आमच्या टीममध्ये एक टूम निघाली. नंदुरबार जिल्ह्यातल्या कुपोषित मुलांसाठी आपण काहीतरी करायचं. माझं आजोळ शहादा तालुक्यातलं, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा आपोआप माझ्याकडे वळल्या. टीममधली एक जण दोन वर्षं अमेरिकेत राहून आलेली आहे. तिने तिथे पाहिलेला एक कार्यक्रम सांगितला. हौशी लोक हाताने मातीचे वाडगे घडवतात, एका संध्याकाळी साधं सूप आणि पाव ठेवतात, येणारा ठरावीक पैसे देतो, वाडगाभर सूप पितो आणि तो वाडगा घरी घेऊन जातो. जमलेला पैसा त्याच गावातल्या उपाशी माणसांसाठी. "आपण सूपऐवजी आमटी ठेवू," इति आमचा टेस्टर.

कल्पना मला मनापासून आवडली. मग सवयीप्रमाणे विकांताला तिचा इतिहास खणत बसलो, आणि मिशिगनहून निघालेला मी कुठल्या कुठे भटकत थेट माझ्या पे-स्लिपवर येऊन पोचलो. तर मंडळी, लेख थोडा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

या उपक्रमाचं नाव 'एम्प्टी बोल्स', म्हणजे रिकामे वाडगे. १९९० साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जॉन हार्टम नावाच्या एका कलाशिक्षकाने तो सुरू केला. शाळेत अन्नासाठी निधी गोळा करायचा होता. त्याने वर्गातल्या मुलांकडून वाडगे करून घेतले, शाळेतल्या लोकांना जेवायला बोलावलं आणि जेवण झाल्यावर सांगितलं की वाडगा तुमचाच, घरी न्या, जगात कितीतरी वाडगे रिकामे आहेत याची आठवण म्हणून. त्याने आणि लिसा ब्लॅकबर्नने मिळून ही कल्पना पुढे अनेक गावांत, अनेक देशांत पोचवली. तिच्यावर त्यांनी हक्क सांगितला नाही. एकच आग्रह धरला, की पैसा भुकेसाठीच जावा. (आमच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या दिवसापासून ओपन सोर्स.)

यातली गोम लक्षात आली का? वाडगा जातो तो देणाऱ्याच्या घरी. ज्याचं पोट रिकामं आहे तो त्या संध्याकाळी तिथे नसतो.

आपल्याकडचा मातीच्या भांड्याचा इतिहास नेमका उलट्या बाजूने सुरू होतो. डेबूजी झिंगराजी जाणोरकर हा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेला माणूस १९०५ मध्ये घर सोडून निघाला, तेव्हा त्याच्याजवळ एक फुटकं गाडगं होतं. त्यातच खायचं, त्यातच प्यायचं, आणि वेळ पडली तर तेच डोक्यावर. लोक गाडगेबाबा म्हणू लागले. मातीच्या भांड्यावरून नाव पडलेला आणि त्याच नावाने सबंध महाराष्ट्राला ठाऊक असलेला दुसरा माणूस मला तरी माहीत नाही. गावात शिरल्यावर बाबा आधी झाडू घेऊन रस्ते झाडत आणि मग भाकरी मागत. हा क्रम महत्त्वाचा आहे, पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

आणि याच माणसाने कीर्तनांतून लोकांना हलवून पैसा उभा केला. त्यातून नदीवर घाट झाले, पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा झाली, नाशिक, आळंदी, देहूला धर्मशाळा झाल्या, सदावर्तं चालली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी सोय झाली. पंढरपूरची ती धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. स्वतः मात्र १९५६ साली गेले ते गाडगं घेऊनच. म्हणजे वाडगा हातात असलेलाच इथे निधी गोळा करत होता. हार्टमच्या कार्यक्रमाला जे जमत नाही ते हे.

दुसरं उदाहरण साताऱ्याकडचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. या मुलांना खायला काय घालायचं? लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, अगदी मंगळसूत्रसुद्धा, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण दागिने एकदाच मोडता येतात. मुलं रोज जेवतात. तिथे कामाला आला मुष्टिफंड. गावोगावच्या बायकांनी घरातल्या धान्यातून मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते वसतिगृहाला द्यायचं. ज्या घरातून शंभर रुपयांची देणगी सात जन्मात येणार नाही, त्या घरातून मूठ येऊ शकते. मला ही कल्पना जबरदस्त वाटते, कारण तिच्यात देणारा आणि घेणारा यांच्यात फारसं अंतर नाही. आज मूठ देणाऱ्या बाईचा पोरगा उद्या त्याच पंगतीत बसणार.

आता खानदेशात येऊ. इथे मातीच्या भांड्यांचा दबदबा काही औरच. आमच्याकडचे मांडे खाल्लेत का कधी? चुलीवर मातीचं मोठं खापर उपडं ठेवतात, आणि पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत झेलत झेलत, पातळ करून त्याच्यावर टाकतात. एक मांडा म्हणजे रुमाल नाही, पंचा. (अक्कलकुवा तालुक्यात तर खापर नावाचं गावच आहे. त्याचा मांड्यांशी संबंध असलाच पाहिजे असा माझा काही दावा नाही.) आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने नवी घागर भरायची. कुंभाराची ती सुगी.

पण आखाजीला आणखी एक गोष्ट व्हायची. सालदार ठरायचा. खानदेशात सालगड्याचं साल आखाजी ते आखाजी. मामांना अजूनही विचारलं, की अमुक माणूस आपल्याकडे कधी लागला, तर ते वर्ष सांगताना "आखाजीले" असंच म्हणतात. एका बाजूला ओट्यावर नवी घागर, दुसऱ्या बाजूला अंगणात उकिडवा बसलेला माणूस, आणि मध्ये वर्षभराच्या श्रमाचा सौदा: इतकं धान्य, इतकी उचल, एक जोडी कपडे. आजोळी सालदाराचं जर्मनचं ताट वेगळं असायचं, गोठ्याच्या वळचणीला खोचलेलं. ताट रिकामं नसायचं, हे आजी ठासून सांगायची. ते घरात का यायचं नाही, हे तिला कुणी विचारलं नाही.

सत्तरच्या दशकात हा हिशेब उसवला. तापीकाठची जमीन काळीभोर. तिच्यावर ऊस, कापूस, केळी वाढत होती. आणि ज्या भिल्लांच्या नावावर त्यातली पुष्कळ जमीन एके काळी होती, ते सावकारीत ती गमावून त्याच बांधावर मजुरी करत होते. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला धान्यावरून ठिणगी पडली. मोठ्या शेतकऱ्यांचं म्हणणं, हे लुटायला आले. मजुरांचं म्हणणं, आम्ही उपाशी होतो, उसनं मागायला आलो. गोळीबार झाला आणि एक आदिवासी मेला. भुकेचं खापर भुकेल्याच्याच डोक्यावर फोडणं म्हणजे काय, ते इथे शब्दशः बघायला मिळतं.

त्यानंतर अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल कार्यकर्त्याभोवती माणसं जमू लागली. सर्वोदयी मंडळी आली. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्याला भूमुक्ती परिषद झाली आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. पुण्यामुंबईची शिकलेली पोरं तिकडे गेली. त्यांत एक होते कुमार शिराळकर. आयआयटी मुंबईचे इंजिनियर! बाबा आमट्यांच्या शिबिरातून ते शहाद्याला गेले आणि आयुष्यभर तिथलेच झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांना निरोप तळोदा तालुक्यातल्या मोड गावात दिला गेला. आपल्यासारख्यांच्या ओळखीचा बायोडेटा घेऊन निघालेला माणूस कुठे जाऊन पोचू शकतो, याचा विचार करत मी त्या विकांताला बराच वेळ नुसता बसून होतो.

या लोकांनी काय मागितलं ते बघा. सालदाराचे कामाचे तास ठरवा. मजुरी वाढवा. सुट्टी द्या. हडपलेली जमीन परत करा. कुणीही सदावर्त मागितलं नाही. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्यात १९७४ साली झाला आणि १९७५ पासून लागू झाला. त्यामागे अर्थात फक्त शहादा नव्हतं, पण शहाद्याचा आवाज त्यात होता.

बायकांचं तर वेगळंच. १९७२-७३ मध्ये त्यांच्या शिबिरांतून दारू आणि नवऱ्याची मारहाण यांची चर्चा सुरू झाली आणि ती चर्चेवर थांबली नाही. बायकांचे जथे गुत्त्यांवर गेले आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. गावोगाव. मजुरीचे पैसे घरी पोचण्याआधी मडक्यात जात असतील, तर मजुरी वाढवून भाकरी वाढत नाही, हा साधा हिशेब त्यांनी मांडला. मातीची भांडी आणि भूक यांचा संबंध लावणारी महाराष्ट्रातली सगळ्यात थेट कृती मला हीच वाटते. वाडगे घडवणं नंतर, आधी काही मडकी फोडावी लागतात!

आणि हे सगळं चालू होतं बहात्तरच्या दुष्काळात. तुमच्या आजीआजोबांना विचारा. लाल मिलो, सुकडी आणि खडी फोडणं हे तीन शब्द हमखास येतील. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. पुन्हा वाचा, पन्नास लाख. सूपाच्या किती पातेल्यांनी हे झालं असतं? ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी दुष्काळावर लिहिताना महाराष्ट्राच्या या अनुभवाची मुद्दाम दखल घेतली आहे. पिकं पार बुडालेली असतानाही मोठा भूकबळींचा काळ आला नाही, कारण माणसांच्या हातात मजुरी पडत होती आणि ती मिळावी म्हणून लोक मोर्चे काढत होते, कचेऱ्यांवर धडकत होते.

या कामांच्या मागे एक योजना आकार घेत होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात तिचा छोटा प्रयोग केला होता. जो मागेल त्याला काम आणि कामाचे दाम. १९७२ मध्ये ती राज्यभर नेली गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. हीच आपली रोजगार हमी योजना, रोहयो. गाडगेबाबांचा क्रम आठवतोय? आधी झाडू, मग भाकरी. फरक इतकाच, की आता भाकरी देणाऱ्याच्या मर्जीवर नव्हती, कायद्यात होती. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत देता आलं नाही, तर सरकारने बेकार भत्ता द्यायचा.

आता पैसा कुठून आणायचा? इथे माझ्या पे-स्लिपचा प्रवेश. दर महिन्याला 'पी.टी.' नावाखाली दोनशे रुपये कापले जातात, फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. मी दहा वर्षं ते बघतोय, आणि हा काहीतरी किरकोळ सरकारी उपद्रव असावा इतपतच माझी समजूत होती. हा व्यवसाय कर महाराष्ट्रात १ एप्रिल १९७५ पासून सुरू झाला, तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला! शहरातल्या पगारदारांनी, डॉक्टर-वकिलांनी, व्यापाऱ्यांनी द्यायचा आणि खेड्यातल्या मजुराला काम मिळायचं. अशा करांतून जितके जमतील तितकेच सरकारने आपल्या तिजोरीतून घालायचे, असंही ठरलं. व्यवसाय कराला घटनेने मर्यादा घातली होती वर्षाला अडीचशे रुपयांची. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती अडीच हजार केली, आणि आपण अजून तिथेच आहोत. १९८८ नंतर पगार कुठे गेले आणि मर्यादा कुठे राहिली, याचा हिशेब ज्याने त्याने आपापल्या स्लिपवर करावा. :)

म्हणजे हा मुष्टिफंडच झाला की! फक्त मूठ काढताना आपल्याला कळत नाही. वाडगाही घरी येत नाही, आठवण म्हणून कपाटात ठेवायला.

ही व्यवस्था फार उदात्त होती असं मला म्हणायचं नाही. शहरांनी कर सोसला त्यात, खेड्यांतले लोंढे मुंबईवर येऊ नयेत, हाही हिशेब होता, असं अभ्यासक म्हणतात आणि ते पटण्यासारखं आहे. रोहयोत खोटी हजेरीपत्रकं भरली गेली, अर्धवट पाझर तलाव राहिले, मजुरी महिनोन् महिने लटकली. गोळा झालेला पैसा पूर्ण खर्चच होत नाही, हा आक्षेप वर्षानुवर्षं घेतला गेला. तरीही केंद्राने २००५ मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा नमुना समोर होता तो महाराष्ट्राचा. फेब्रुवारी २००६ मध्ये तो ज्या पहिल्या दोनशे जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत नंदुरबार होता.

नंदुरबार तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा जिल्हा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा निघाला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, त्यात ६९ टक्के आदिवासी. देशातलं पहिलं आधार कार्ड इथेच, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं, हे आपल्या आयटीवाल्यांना माहीत असतं. त्याच जिल्ह्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या निम्म्याहून जास्त मुलांचं वजन वयाच्या मानाने कमी भरलं, हे मात्र सहसा माहीत नसतं. डेटाबेसमध्ये नाव पहिलं आणि काट्यावर मूल हलकं.

तर मग आमच्या टीमचा कार्यक्रम करायचा की नाही? माझं मत: जरूर करायचा. पण वाडगे आपण हौसेने वेडेवाकडे घडवण्यापेक्षा कुंभाराकडून पूर्ण भावाने घ्यायचे, आणि आमटीऐवजी खानदेशी बायकांच्या एखाद्या बचत गटाला बोलावून खापरावरचे मांडे करायला लावायचे, त्यांची मजुरी आधी देऊन. घासाघीस करणाऱ्याला मांडा नाही. उरलेला पैसा धडगाव-अक्कलकुव्यात काम करणाऱ्या माणसांना विचारून त्यांना हवा तिथे द्यायचा. आणि प्रत्येक वाडग्यासोबत एक छापील चिठ्ठी, व्यवसाय कर कशासाठी सुरू झाला ते सांगणारी. टेस्टरला ही शेवटची कल्पना रटाळ वाटली. वाटू दे.

कारण धडगाव आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात आज भूक कशी दिसते ते आजोळच्या माणसांकडून ऐकत आलोय. २०१५ पासून राज्यात अमृत आहार योजना आहे. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसातून एक वेळचं गरम, चौरस जेवण. योजना चांगली आहे. पण ते ताट अंगणवाडीत असतं, आणि दिवाळी झाली की डोंगरातली कितीतरी कुटुंबं दक्षिण गुजरातेत ऊस तोडायला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली असते, आखाजीच्या सालदारासारखीच, फक्त मालक दोनशे किलोमीटर लांब. मूल सोबत जातं, उसाच्या फडाच्या कडेला वाढतं, आणि गावातल्या वजनाच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे 'स्थलांतरित' असं लिहिलं जातं. गावात काम मिळालं असतं तर यातले काही तरी थांबले असते.

होळीला बरेच जण परत येतात. काठीची होळी, भोंगऱ्याचे बाजार, ढोल, हे चुकवणं म्हणजे पावरा-भिल्लांना सणाशिवाय वर्ष. त्या आठवड्यात अंगणवाडीत ताटं कमी पडतात. मग होळी विझते, ऊसतोडीचा हंगाम अजून संपलेला नसतो, आणि गावाच्या फाट्यावर पुन्हा ट्रक येऊन उभे राहतात.